एका ‘एस’चा प्रश्न

संकेतस्थळाच्या मजकुरात लिंक टाकताना पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपी’ लिहायचे की ‘एचटीटीपीएस’, ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ ठेवायचे की गाळायचे, हा प्रश्न कारकुनी वाटतो. त्याच्या मुळाशी मात्र भारतीय दर्शनांतला एक जुना वाद आहे. नाव आणि नावाची वस्तू यांचा संबंध कसला? मीमांसक तो नित्य मानतात. कोणी बसून जोडलेला नाही, म्हणून कोणाला तोडताही येत नाही. नैयायिक म्हणतात, तो संकेताने ठरतो. अमुक शब्दाने अमुक वस्तू समजावी अशी कोणाची तरी इच्छा त्यामागे असते. वेबचा पत्ता उघडउघड नैयायिकांच्या बाजूने साक्ष देतो. डोमेनची नोंदणी मुदतीची असते. ती चुकली, की कालपर्यंत एखाद्या संस्थेकडे नेणारे नाव आज भलत्याच दुकानात नेऊन सोडते.

या पत्त्यात कोलनच्या आधीचा भाग सर्वांत संदिग्ध. तो ब्राउझरला सांगतो, की सर्व्हरशी कोणत्या रीतीने बोलायचे. एचटीटीपीने गेले तर संभाषण उघड्यावर चालते. एचटीटीपीएसमध्ये ते सांकेतिक होते आणि समोरचा सर्व्हर त्याच डोमेनचा आहे याचे प्रमाणपत्रही तपासले जाते. मग हा भाग नावाचा की वाटेचा? एसटीने गेले काय नि रेल्वेने गेले काय, पुणे पुणेच राहते. त्या न्यायाने तो वाटेचा ठरावा. तांत्रिक नियम मात्र तसे मानत नाहीत. पत्त्यांची रचना ठरवणारे 2005 चे मानक आरंभीचा भाग आणि डोमेन यांतला लहान-मोठ्या लिपीचा फरक दुर्लक्षितो, पण ‘एस’ असलेला आणि नसलेला पत्ता त्याच्या लेखी वेगळे. ब्राउझरही दोन्हींना वेगळी उगमस्थाने समजून त्यांची साठवण वेगळी ठेवतो. दोन्ही पत्त्यांवर एकच पान मिळते ते बहुधा मालकाने एकाकडून दुसऱ्याकडे वळवण्याची सोय केली म्हणून. ती न करणे, किंवा दोन ठिकाणी दोन निराळी पाने ठेवणे, हेही त्याच्या हाती आहे. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’चेही तेच.

काही ठिकाणी वाटेचा प्रश्नच उरत नाही. एक्सएमएल दस्तऐवजांतली नामक्षेत्रे वेबपत्त्यांसारखी दिसतात, पण ती उघडण्यासाठी नसतात. अक्षरनअक्षर जुळले तर नाव तेच, नाहीतर दुसरे. तिथे ‘सुरक्षित’ करण्याच्या उत्साहात ‘एस’ घातला, तर नावच बदलते आणि दस्तऐवज ओळखला जात नाही. विकिडेटामध्ये मुंबई या शहराची ओळख म्हणून दिलेला पत्ता आजही साध्या एचटीटीपीने सुरू होतो, तर मुंबईची माहिती देणारे पान एचटीटीपीएसवर आहे. पहिला पत्ता शहराचे नाव, दुसरा कागदाचा. पहिला ब्राउझरमध्ये टाकला तर सर्व्हर माहितीकडे वळवतो. शहर काही तारेतून पाठवता येत नाही!

एवढा भेद लक्षात घेतला, तर संपादकाचे काम बरेच स्पष्ट होते. बाहेरच्या पानाची लिंक देताना ते पान आधी उघडावे आणि शेवटी स्थिरावलेला पूर्ण पत्ता उचलावा. काही ब्राउझर आरंभीचा भाग पट्टीत लपवतात. म्हणून पाहून टंकण्यापेक्षा कॉपी करणे बरे. नुसते ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’पासून लिहिले तर ब्राउझर ते आपल्याच स्थळावरचे पान समजतो आणि वाचकाला ‘पान सापडले नाही’ दिसते. उलट चूकही नेहमीची: लिंकच्या चौकटीत आधीच ‘एचटीटीपी’ असते, त्याच्यापुढे अख्खा पत्ता चिकटवला जातो, आणि ब्राउझर ‘एचटीटीपीएस’ नावाच्या यंत्राच्या शोधात निघतो. आपल्याच स्थळावरच्या पानांसाठी एका स्लॅशपासून सुरू होणारा पत्ता पुरतो. उद्या डोमेन बदलले तरी तो टिकतो. दोन स्लॅशपासून सुरू होणारे पत्ते एकेकाळी सोयीचे होते. आता ते वापरण्याचे कारण उरलेले नाही.

जुन्या मजकुरातले पत्ते सरसकट शोधून बदलणे मात्र धोक्याचे. काही जुनी स्थळे एचटीटीपीएसवर उघडतच नाहीत, आणि काही पत्ते वर सांगितल्याप्रमाणे नावे असतात. प्रत्येक पत्ता उघडून, तेच पान येते याची खात्री करून मगच बदल करावा. अवतरणातला पत्ता हा तर लेखकाच्या मजकुराचाच भाग. दिसणारी अक्षरे तशीच ठेवून मागची लिंक तेवढी दुरुस्त करणे योग्य.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1998 मध्ये आग्रह धरला, की एकदा दिलेला पत्ता बदलू नये. वेबच्या पत्त्यांची व्यवस्था त्यांनीच संकेताने उभी केली होती. वागणूक मात्र ते मीमांसकाची मागत होते, आणि ती मागणी रास्त आहे. संकेत माणसांनी ठरवला, म्हणून तो हवा तेव्हा मोडण्याची मुभा मिळत नाही. त्यावर विसंबून इतरांनी लिंका दिलेल्या असतात. मूळ पान नाहीसे झाले, की संपादकाला इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’कडे जावे लागते. तिथे शोध घेताना ‘एस’ आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ दोन्ही बाजूला ठेवले जातात, आणि एरवी वेगळी धरली जाणारी चारही रूपे एकाच पानाचा इतिहास म्हणून समोर येतात.