गुरु, संन्यासी आणि हेर

धाराशिव जिल्ह्यांतील वाशी येथें, सर्व मराठवाड्याप्रमाणें, दरसाल 17 सप्टेंबरला शाळेंतील मुलांसमोर ध्वज चढतो. 1948 सालीं त्या दिवशीं निजामाची सत्ता संपली, एवढें मुलांस कळतें. परंतु त्या इतिहासांत एक प्रश्न दडलेला आहे. त्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. शिक्षक, धर्म आणि सरकारचे हेर यांनीं समाजांत कोणतें काम करावें, आणि एकमेकांच्या कामांत कोठवर शिरावें?

याच जिल्ह्यांतील हिप्परगा या खेड्यांत 1921 सालीं राष्ट्रीय शाळा निघाली. पुढें तेथें शिकवीत असतां व्यंकटेश खेडगीकर यांनीं संन्यास घेतला व ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. शिक्षक आणि संन्यासी एकाच देहांत नांदूं लागले. सभेसाठींही परवानगी मागावयास लावणाऱ्या निजाम सरकारनें 1938 सालीं हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्यापूर्वींच बंदी घातली, स्वामीजींस तुरुंगांत टाकलें, आणि त्याच वर्षीं 'वंदे मातरम्' म्हणणारे विद्यार्थी उस्मानिया विद्यापीठांतून काढून टाकले. प्रार्थनेंतही ज्याला कट दिसूं लागतो, त्या राज्याचा पाया आधींच खचलेला असतो.

शिक्षक, धर्म व हेर हे तिघेही माणसाच्या मनाचा ठाव घेतात, म्हणूनच त्यांची गल्लत होते. शिक्षक शिष्याचें मन जाणतो तें त्याला स्वतंत्र करण्यासाठीं. धर्म माणसास स्वतःचेंच मन तपासावयास लावतो. हेर दुसऱ्याचें मन जाणतो तें राज्याच्या रक्षणासाठीं. पहिल्या दोहोंचा प्राण विश्वास, तिसऱ्याचा प्राण गुप्तता. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत विद्यार्थ्याच्या व तापसाच्या वेषांतील हेर सांगितले आहेत. युक्ति बिनतोड खरी. पण तिची किंमत कोण देतो? एक तापस हेर निघाला कीं दहा खऱ्या तापसांपुढें लोक तोंड मिटतात. वर्गांत एक चुगलखोर आहे असें कळलें कीं सारा वर्ग प्रश्न विचारावयाचें सोडतो.

यावर कोणी म्हणेल, हेरांवांचून राज्य चालेल काय? चालणार नाहीं, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करितों. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्रीं मुंबईनें जें भोगलें, त्यानंतर तर हा वाद नकोच. गुप्तता हें पाप नव्हे; बेजबाबदार गुप्तता हें पाप होय. आपल्या देशाचें गुप्तवार्ताखातें 1887 पासूनचें, 'रॉ' 1968 सालची; परंतु दोहोंपैकीं एकाचीही स्थापना संसदेच्या कायद्यानें झालेली नाहीं. 2017 सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, व त्यांत हात घालावयाचा तर कायदा, योग्य हेतु आणि प्रमाण हीं तिन्ही हवींत असा निकष घालून दिला. हेरखात्यासही तोच निकष लागूं असावा, असें आमचें मत आहे.

शिक्षकाचें व धर्मोपदेशकाचें व्रत याहून साधें आहे. कोणाच्या जिवावर उठलेला कट कानीं आला, तर तो उघड करणें हाच धर्म. परंतु विश्वासानें सांगितलेलें केवळ मत त्यांनीं कोणाच्याही दप्तरीं जमा करूं नये. वाशीच्या ध्वजाखालीं उभें असलेलें मूल उद्यां आपल्या गुरुजींस अडचणीचा प्रश्न विचारील. तो विचारतांना त्याला मागें वळून पाहावें लागूं नये, एवढ्यासाठींही तो लढा झाला होता.