प्रमाणपत्र नसतं तर?

एकाच वेळी दोन पदव्या घेता येतात का, याचं उत्तर विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल 2022 मध्येच देऊन टाकलं. तासांच्या वेळा एकमेकांच्या आड येत नसतील तर दोन्ही वर्गात बसून करा, नाहीतर एक वर्गात आणि दुसरी दूरशिक्षणाने. इंजिनीअरिंग दूरशिक्षणाने होत नाही, ते वर्गातच. मी शिकते तिथे, वसई रोडला विद्यावर्धिनीच्या आवारात, इंजिनीअरिंग आणि वर्तक कॉलेज शेजारीशेजारी आहेत. पण जिचा दिवस लेक्चर, प्रॅक्टिकल आणि सबमिशनमध्ये जातो, तिला शेजारची बी.ए.सुद्धा लांबच. म्हणून मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या जोडीला मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून अर्थशास्त्र घेतलं. नियमात बसतं. मनाला मात्र कोणी विचारलं नव्हतं.

आता विचारते आहे. घरी सांगितलं, डोमेन नॉलेज लागतं. खरं कारण भीती होती. वर्गातल्या प्रत्येकाच्या रेझ्युमेवर पायथन आहे आणि तेच दोन-तीन प्रोजेक्ट. प्लेसमेंटच्या रांगेत मला एक ओळ जास्त हवी होती. त्याआधी एलएल.बी.ही डोक्यात होती. बार कौन्सिलच्या नियमांत ती दुसऱ्या नियमित पदवीबरोबर करता येत नाही, हे कळलं तेव्हा वाईट वाटलं. पण कायदा शिकायला मिळणार नाही म्हणून नव्हे. ‘इंजिनीअर आणि वकील’ हे ऐकायला छान वाटायचं, ते हुकलं म्हणून. कोणी नाक मुरडलं की मी अनेक पदव्या मिळवणाऱ्या श्रीकांत जिचकारांचं नाव पुढे करते. 1973 ते 1990 या काळात त्यांनी विद्यापीठाच्या 42 परीक्षा दिल्या, हे मला पाठ आहे. ते काय वाचायचे, कशासाठी वाचायचे, हे शोधावंसं एकदाही वाटलं नाही.

मग सगळंच ढोंग का? तसंही नाही. एका रात्री लॅबचं जर्नल बाजूला सारून अर्थशास्त्रातलं खंडाचं, म्हणजे जमिनीच्या भाड्याचं, प्रकरण उघडलं. अर्थशास्त्रज्ञ रिकार्डो म्हणतो, जमिनीचा खंड वाढला म्हणून धान्य महागत नाही. धान्य महाग असतं म्हणून खंड वाढतो. मी तिथेच थांबले. आगाशीला आजोबांची केळीची वाडी होती. ती विकली तेव्हा घरात सगळे म्हणाले, जमिनीचे भाव वाढले म्हणून विरारला घरं महाग झाली. उलटं असेल तर? चर्चगेटला नोकरी करणाऱ्यांना विरार फास्ट पकडता येईल असं घर हवं होतं, त्यासाठी ते पैसे मोजायला तयार होते आणि तो भाव आजोबांच्या केळीला कधीच मिळणार नव्हता. पहाटेपर्यंत वाचत बसले. दुसऱ्या दिवशी व्हायवाला झोप अनावर झाली, तरी पस्तावले नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र हेच प्रकरण गाइडमधून घोकलं. दोन्ही वेळा पुस्तकासमोर बसलेली मुलगी मीच, हे गैरसोयीचं आहे.

आणि या दुसऱ्या पदवीची किंमत फक्त मी देत नाही. फी पप्पा भरतात. रविवारी मी संपर्कसत्राला गेले की आईच्या हाताखाली कोणी नसतं. ‘शिकतेय ना,’ म्हणून दोघंही गप्प बसतात. त्या ‘शिकतेय’चा मी किती गैरफायदा घेतला, हे मलाच माहीत.

प्रमाणपत्र मिळणारच नसेल तर यातलं काय वाचशील, असं स्वतःला विचारलं. खंड, शेतीमालाचे भाव, शहरं कशी वाढतात, एवढं नक्की. बाकीचे पेपर नाही. म्हणून पदवी सोडत नाही, पण घाई सोडते. प्रोजेक्टच्या वर्षात बी.ए.चे पेपर देणार नाही, आणि ‘पर्स्यूइंग’ असं लिहिलेली ती ओळ रेझ्युमेवरून काढली आहे. पप्पांना कालच सांगितलं, बी.ए.ला एक वर्ष जास्त लागेल.