चालवायचं, की ठेवायचं?

एक इंजिन डोळ्यांसमोर आणा. घाई नको, ते उभंच आहे. आकारानं लहान, वजन 26 टन. चाकांच्या तीन जोड्या. मधली जोडी सर्वांत मोठी, आणि ओढण्याचं सगळं काम तिच्या एकटीचं. 1855 साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात ते बनलं, जहाजातून कलकत्त्याला आलं आणि ईस्ट इंडियन रेल्वेवर धावू लागलं. नाव फेअरी क्वीन. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. त्या गाडीची साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनं आता उरलेली नाहीत. हे उरलं आहे. 1909 मध्ये ते सेवेतून निवृत्त झालं, पुढे बराच काळ चौथऱ्यावर उभं राहिलं आणि अखेर दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आलं.

आता त्याच्याकडे थोडा वेळ नुसतं पाहा. तुमच्या मनात पहिला विचार कोणता येतो? ‘हे पुन्हा चालेल का?’ हा येतो, की ‘याला कुणी हात लावू नये’ हा? दोन्ही विचार प्रेमातूनच येतात. आपला कोणता, एवढं फक्त ओळखून ठेवा.

*

जुनी इंजिनं, डबे, ट्रामगाड्या पुन्हा उभ्या करायच्या आणि चालवायच्या तर कसं, हे सांगणारी सल्लागार माणसं जगात आहेत. त्यांतली बरीच आयुष्यभर शेडमध्ये राबलेली असतात. कुणी फिटर, कुणी बॉयलरमेकर, कुणी ड्रायव्हर. संस्था त्यांना बोलावते तेव्हा खर्च किती येईल, सुटे भाग कुठे मिळतील, असे प्रश्न तिच्याकडे तयार असतात. जाणता सल्लागार त्याआधी एकच विचारतो: चालवायचंय, की ठेवायचंय?

या प्रश्नापाशी थांबू या, कारण त्याची दोन्ही उत्तरं एकत्र नांदत नाहीत.

चालवायचं म्हटलं, की बॉयलर उघडावा लागतो. गंजलेल्या नळ्या काढून नव्या बसवाव्या लागतात, झिजलेल्या बेअरिंगचा धातू वितळवून पुन्हा ओतावा लागतो, चाकांचे टायर बदलावे लागतात. असं प्रत्येक काम झालं, की 1855 सालचा एकेक तुकडा इंजिनातून निघून जातो. ठेवायचं म्हटलं, तर तो तुकडा वाचतो. कानशीचे ओरखडे राहतात, रंगाचे थर राहतात, कुणा अनाम कारागिरानं मारलेला रिव्हेट राहतो. पण मग ते इंजिन पुन्हा कधी गरम होत नाही. ते कसं गरम करायचं, हे कुणाला ठाऊक असण्याचीही गरज उरत नाही.

म्हणजे हरवणं दोन्हीकडे आहे. जपायचं ठरवणं म्हणजे काय गेलेलं आपल्याला चालेल, हे ठरवणं. हे वाक्य पटकन पटलं असेल, तर पुन्हा एकदा सावकाश वाचा. ते पचायला जड आहे.

*

आता इंजिन पेटवू या.

पहिलं काम आगीचं नाही, पाण्याचं. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते काचेच्या नळीत पाहायचं, आणि काच खरं सांगते आहे ना, तेही तपासायचं. त्याच्याही खूप आधी, दुरुस्ती झाली तेव्हा, बॉयलर पाण्यानं काठोकाठ भरून कामाच्या दाबापेक्षा जास्त दाब देऊन पाहिलेला असतो. त्या वेळी पत्रा फाटला तर पाणी गळतं, एवढंच. वाफेखाली फाटला तर स्फोट होतो. फायरबॉक्सला, म्हणजे आगीच्या पेटीला, बाहेरच्या कवचाशी बांधून ठेवणाऱ्या शेकडो सळ्यांवर, म्हणजे स्टेंवर, हातोडीनं एकेक टकटक केलेली असते. धड स्टे खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. हा फरक पुस्तकात लिहिता येतो, पण कानाला तो कुणीतरी शेजारी उभं राहूनच शिकवावा लागतो.

मग थोडी लाकडं, तेलात भिजवलेलं कॉटन वेस्ट, आणि लहानशी आग. लहानच. आतला फायरबॉक्स आधी तापून फुगतो, बाहेरचं कवच अजून थंड असतं, आणि मधले स्टे ताणले जातात. कोरं मडकं एकदम भडक जाळावर चढवलं तर तडकतं, तसंच हे. म्हणून मोठं इंजिन सकाळी निघायचं असेल तर आदल्या दिवशीच पेटवतात. रात्रभर कुणीतरी जवळ बसून असतं. फारसं काही करत नाही. काटा पाहतं, पाणी पाहतं, आवाज ऐकतं, अधूनमधून चार तुकडे कोळसा टाकतं.

त्या बसणाऱ्याच्या जागी काही श्वास बसून पाहा. आग वाढवणं तुमच्या हातात आहे. न वाढवणंही हातातच आहे, आणि रात्रीचं खरं काम तेच आहे. हे काम कोणत्या काचेच्या कपाटात मांडून दाखवता येईल?

*

काही वेळा तिसरंही उत्तर निघतं. मायकेल सॅटो हे इंग्रज गृहस्थ भारतात एका रसायन कंपनीत अधिकारी होते. दिल्लीचं रेल्वे संग्रहालय उभं राहताना ते त्याचे मानद सल्लागार झाले. मायदेशी परतल्यावर त्यांनी स्टीफन्सनच्या 1825 सालच्या ‘लोकोमोशन’ या इंजिनाची चालती प्रतिकृती घडवण्याच्या कामाचं नेतृत्व केलं. ती 1975 मध्ये तयार झाली, आणि पुढे 1979 मध्ये 1829 सालच्या ‘रॉकेट’ची. मूळ इंजिनांना हात लावला नाही. ती ठेवली, आणि चालवायला दुसरी केली.

यात काय वाचलं, ते स्वच्छ दिसतं. काय गेलं, तेही पाहा. रॉकेट चालवलेला एकही माणूस विचारायला उरलेला नव्हता. त्याचं वागणं पुन्हा पहिल्यापासून, नव्या लोखंडावर, चुकतमाकत शिकावं लागणार होतं.

*

थोडं घराजवळ येऊ. मुंबईत विजेची ट्राम 1907 मध्ये सुरू झाली आणि 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची गाडी गेली. 2017 मध्ये फ्लोरा फाउंटनजवळ खोदकाम सुरू असताना डांबराखालून ट्रामचे रूळ वर आले. लोकांनी कौतुकानं पाहिले. लोखंड शाबूत होतं.

याच्या शेजारी मिलान ठेवा. तिथं 1928 च्या घडणीच्या ट्रामगाड्या अजूनही रोजच्या उतारूंना घेऊन धावतात. त्यांतल्या काही सॅन फ्रान्सिस्कोला गेल्या आणि तिथल्या रस्त्यावरही चालतात. मिलानमध्ये ट्राम जपण्यासाठी वेगळा समारंभ लागला नाही. जुन्या ड्रायव्हरनं नव्याला, जुन्या फिटरनं नव्याला शिकवलं, आणि ही साखळी मध्ये कुठे तुटली नाही. मुंबईत एखादी ट्राम उद्या मिळेल, रूळही टाकता येतील. पण गर्दीच्या चौकात ती ब्रेकवर कशी खेळवायची, हे सांगणारा कुठून आणायचा?

*

आता पुन्हा फेअरी क्वीनकडे वळू, कारण तिची एक गोष्ट सांगायची राहिली. ती पुन्हा चालली. चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यात दुरुस्त होऊन 1997 च्या जुलैमध्ये, 88 वर्षांनी, ती मेन लाइनवर धावली. मग दिल्ली ते अलवर पर्यटकांची गाडी ओढू लागली, आणि नियमित चालणारं जगातलं सर्वांत जुनं वाफेचं इंजिन म्हणून 1998 मध्ये गिनेसच्या पुस्तकात नोंदली गेली.

यातल्या दोन तारखा शेजारी ठेवा. भारतात ब्रॉड गेजवर वाफेची नियमित वाहतूक थांबली ती 1995 च्या डिसेंबरात, आणि फेअरी क्वीन धावली 1997 मध्ये. मध्ये दीड वर्षाचं अंतर. आग कशी धरायची, स्टे कसा वाजतो, हे जाणणारे हात तेव्हा अजून नोकरीत होते किंवा नुकतेच घरी गेले होते. 1909 मध्ये तिला चालवणारे कधीच गेले होते, पण त्यांची विद्या इतर इंजिनांवरून, माणसामागून माणूस करत तिथपर्यंत पोचली होती. हेच काम तीस वर्षं उशिरा हाती घेतलं असतं तर?

चालवायचं ठरलं, तर काय पाळावं, यावरही विचार झालेला आहे. ऐतिहासिक रेल्वेंच्या युरोपीय महासंघानं 2005 मध्ये ‘रीगा सनद’ स्वीकारली. अशा रेल्वेंची दुरुस्ती आणि वापर कसा करावा, याची तत्त्वं तीत आहेत. काय बदललं याची नोंद ठेवा, हे त्यांतलं एक महत्त्वाचं तत्त्व. चांगले सल्लागार नव्या भागावर साल कोरायला लावतात आणि काढलेला जुना भाग जपून ठेवायला सांगतात. पुढच्याला फसवायचं नाही, एवढाच त्यामागचा अर्थ.

आता तुमच्याकडचं काही मनात आणा. वाडा असेल, छापखान्याचं यंत्र असेल, आजीचा हातमाग असेल. त्याला तोच प्रश्न विचारा: चालवायचं, की ठेवायचं? उत्तर कोणतंही येवो, त्यात काय जाणार आहे तेही नाव घेऊन म्हणा. आणि ते चालवू शकणारं माणूस अजून असेल, तर दुरुस्तीचा अंदाज, निधी, जागा हे सगळं बाजूला ठेवून आधी त्याच्याकडे जा, वही घेऊन, जमलं तर एखाद्या तरुणाला बरोबर घेऊन. लोखंडानं 88 वर्षं वाट पाहिली. माणसाकडून तेवढी अपेक्षा करता येत नाही.