आप्पांची वजरी

सांगलीच्या हळद बाजारात पोती वाहणाऱ्या एका हमालाला दोन मुली होत्या. दोघी वेटलिफ्टिंग करायच्या. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्याच संकेत सरगरनं 55 किलो गटात रौप्यपदक मिळवलं. त्याच्या घरची पानाची टपरी साऱ्या देशाला माहीत झाली आणि गावातल्या व्यायामशाळेत पोरापोरींची रीघ लागली. त्या रिघेत या दोघीही होत्या. थोरली सतराची, अंगानं काटक आणि जिद्दीला पक्की. धाकटी दोन वर्षांनी लहान, थोरली करील ते करणारी.

थोरलीला आपल्या घट्ट्यांचा मोठा अभिमान. दोन्ही तळहातांवर, बोटांच्या मुळाशी, टणक पिवळट उंचवटे आले होते. नव्यानं आलेल्या पोरींच्या हाताला फोड आले आणि त्या कुरकुरू लागल्या की ही आपले हात पुढे करायची. “आमच्या आप्पांचे हात बघा एकदा. मेहनतीच्या माणसाचे हात असेच असतात.”

त्यात खोटं काही नव्हतं. ज्या जागेवर रोज दाब आणि घर्षण येतं, तिथं कातडीचा वरचा थर हळूहळू जाड होतो आणि आतल्या कोवळ्या कातडीला जपतो. घट्टे नकोत असं वजन उचलणारा कुणीही म्हणणार नाही. पण घट्टा वाढतच गेला, त्याची कड वर आली, तर गोष्ट वेगळी. टणक घट्टा जागचा हलत नाही, भोवतालची मऊ कातडी मात्र ताणली जाते. बारवर पकड बसावी म्हणून जी खरबरीत जाळी कोरलेली असते, तिच्यात ती कड अडकते, आणि वजनाचा हिसका बसला की अख्खा घट्टा उचकटून येतो.

वेटलिफ्टिंग शिकवणारे सर तिला आणखीही एक सांगत. व्यायामशाळेत धड बार एकच होता, आणि तो पुरुषांचा: 20 किलोचा, 28 मिलिमीटर जाडीचा. बायकांचा बार 15 किलोचा आणि 25 मिलिमीटरचा असतो. तीन मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण आखूड बोटांच्या मुलीला ते चांगले जाणवतात. म्हणून ती बार तळव्याच्या पार मध्यात घेऊन गच्च आवळायची. सर म्हणत, “बोटांच्या मुळाशी धर. तळव्यात धरला तर वजन आलं की बार आपोआप खाली सरकतो आणि मधल्या कातडीची घडी चिमटीत सापडते. फोड तिथंच येतो.” अंगठा बारला लावून त्यावर बोटं आवळायची पकडही ते शिकवत. सुरुवातीला अंगठा ठणकतो, म्हणून ती टाळायची. त्याऐवजी चॉक भरपूर फासायची. मॅग्नेशियम कार्बोनेटची ती पांढरी पूड घाम टिपते, म्हणून ती हवीच. ओलसर हात बारला जास्त घासतो आणि लवकर सोलतो. पण थरावर थर दिले की बारच्या जाळीत त्याचे कडक खडे बसतात आणि कातडी कोरडी पडून चिरते.

जिल्हा स्पर्धेला बारा दिवस उरले असताना व्हायचं ते झालं. ती स्नॅच करत होती, म्हणजे बार एका दमात जमिनीवरून थेट डोक्यावर नेत होती. बार गुडघ्यांवरून वर सुटला आणि त्याच क्षणी उजव्या हातात चटका बसला. वजन डोक्यावर गेलंही. खाली टाकल्यावर तिनं मूठ उघडली, तर अनामिकेखालचा घट्टा एका कडेनं उचकटून लोंबत होता. खालची कातडी लालभडक, ओली, आणि तिच्यात लस चमकत होती. तिनं कुणाला दाखवलं नाही. तसाच चॉक चोळला, वरून टेप गुंडाळली आणि पुन्हा बार धरला.

ते उघडकीला आलं पुढच्या मुलीमुळे. बारवर तिच्या हाताला रक्त लागलं.

सरांनी सगळ्यांचा सराव थांबवला. बार जंतुनाशकानं ब्रशनं घासून घेतला. मग, “बघू हात.” टेप भिजवून अलगद सोडवली, साबणाच्या पाण्यानं जखमेतला चॉक धुऊन काढला आणि लोंबणारं सालपट स्वच्छ कात्रीनं कडेला कापलं. ओढून काढलं नाही; ओढलं की धडधाकट कातडीही बरोबर जाते. व्हॅसलिनचा पातळ थर, वर न चिकटणारी पट्टी. धाकटी हळूच म्हणाली, “सर, घरनं हळद आणू?” हळदीच्या गावात हा प्रश्न यायचाच. सर म्हणाले, “पोत्यातली हळद उघड्या जखमेत घालायची नाही. त्यात धूळ असते, माती असते. स्वच्छ ठेवायचं आणि ओलावा राखायचा, बस. पट्टी रोज बदल. भोवती लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला तर मला विचारत बसू नकोस, सरळ डॉक्टरकडे जा.” धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही त्यांनी विचारून घेतलं.

इथं मला एक बोलायचं आहे. फाटलेल्या हाताचे फोटो मोबाइलवर शौर्याच्या खुणेसारखे फिरतात आणि चौदा-पंधरा वर्षांची पोरं ते पाहून हात फाटायची वाट बघतात. याचं मला फार वाईट वाटतं. फाटलेला हात म्हणजे गेलेला सराव. त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही.

थोरलीला वाटलं होतं, आप्पा तरी पाठ थोपटतील. त्यांनी पट्टी उचलून जखम पाहिली, मग शेजारच्या घट्ट्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं.

“घासत न्हाईस व्हय कधी?”

ते उठून मोरीत गेले आणि कोनाड्यातली वजरी घेऊन आले. ती काळी, खड्ड्याखड्ड्यांची वजरी थोरलीनं लहानपणापासून पाहिली होती. आईची, टाचा घासायची, असंच ती धरून चालली होती. पोरी संध्याकाळी व्यायामशाळेत असायच्या तेव्हा आप्पा बाजारातून येऊन अंघोळ करायचे, आणि हात भिजून मऊ झाले की त्यावर वजरी फिरवायचे. झोपताना खोबरेल चोळायचे. वर्षानुवर्षं. व्यायामशाळेत जाऊ लागण्याआधीही तिचं तिकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

“पोत्याचा धागा घट्ट्यात अडकला की हात फाटतोय,” आप्पा म्हणाले. “हात फाटला की आठ दिस हमाली बंद. हमाली बंद तर चूल कशावर पेटवायची? जाड हात कामाचा गं. वर आलेला घट्टा न्हाई कामाचा.”

तिनं त्यांचा हात हातात घेतला. बोटांच्या भेगांत हळद कायमची बसली होती. घट्टे तिच्याहून जाड होते, पण तिनं बोट फिरवलं तर ते कुठंच अडकलं नाही. सगळा तळवा एका पातळीत होता.

दुसऱ्या दिवसापासून ती अंघोळीनंतर हात घासू लागली. थोडंच घासायचं, सपाट होईपर्यंत. घट्टा पार काढून टाकायचा नाही. तेल रात्री, सरावाच्या आधी कधीच नाही, नाहीतर बार हातातून निसटतो. जखमेला पाणी-तेल लागू न देता बाकीच्या जागा तिनं सावकाश सपाट करत आणल्या. सरांनी तिचे ओढायचे सगळे व्यायाम बंद केले आणि बार पाठीवर घेऊन बैठका दिल्या. पायांना हाताच्या जखमेशी देणंघेणं नसतं. सराव अगदीच बुडला नाही.

धाकटीनं मात्र दुसरं टोक गाठलं. बहिणीचं रक्त पाहून ती इतकी घाबरली की आप्पांच्या दाढीच्या ब्लेडनं तिनं आपले सारे घट्टे तासून काढले. गुलाबी नितळ हात घेऊन ती सरावाला आली आणि तासाभरात पाण्यानं भरलेला टपोरा फोड घेऊन बाकावर बसली. तिला तो फोडायचा होता. सरांनी हात धरला. फोडावरची कातडी ही जखमेची सगळ्यात चांगली पट्टी. छोटा, न दुखणारा फोड तसाच झाकून ठेवायचा, आतलं पाणी आपोआप जिरतं. फारच ताणून दुखू लागला तर धुऊन, निर्जंतुक सुईनं कडेला टोचून पाणी सोडायचं, वरची कातडी जागेवरच राहू द्यायची. मधुमेह असलेल्यांनी तर घरी सुई लावूच नये. आणि ब्लेड? सरांनी ते मागून घेतलं आणि परत दिलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी थोरलीची जखम भरली होती, पण नवी कातडी अजून पातळ होती. सरांनी तिची स्नॅचची पहिली उचल 57 किलो लिहिली होती. ती स्वतः टेबलापाशी गेली आणि म्हणाली, “सर, 52 करा.” सरांनी आकडा बदलला.

52 गेले. 55 गेले. तिसऱ्या उचलीला 58 किलो होते, आणि सरावात तिनं ते कितीतरी वेळा उचलले होते. खुर्चीत बसून तिनं तळवा उजेडात धरला. नव्या कातडीच्या कडेला बारीक लाल रेघ उमटली होती आणि चॉक लागला की ती झोंबत होती. क्लीन अँड जर्कच्या, म्हणजे बार आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर न्यायच्या, तीन उचली अजून बाकी होत्या. “तिसरी सोडते, सर.” सरांनी मान डोलावली आणि टेबलाकडे जाऊन तसं सांगितलं.

क्लीन अँड जर्कमध्ये तिनं अंगठा आत घेऊन बार बोटांच्या मुळाशी धरला. 68, मग 71. 74 खांद्यापर्यंत आले, वर गेले नाहीत. एकूण 126 किलो आणि तिसरा क्रमांक. दुसरी आलेली मुलगी दोनच किलोंनी पुढे होती.

गल्लीतला एक मुलगा पदक बघत हळहळला. “58 उचलले असतेस तर रुपेरी होतं की गं. तू तर रोज उचलतीस. सोडलीस कशाला?”

“राज्याची निवड चाचणी तीन आठवड्यांवर हाय,” ती म्हणाली. “सोमवारी मला बार धरायचाय.” पुढचा गट धाकटीचा होता. तिचा हात एकदा बघून घ्यावा म्हणून ती वॉर्मअपच्या खोलीकडे गेली.