पणास काय लावावे?



प्रवरातीरी कोल्हारास सोंगट्यांचा पट मांडलेला पाहून एका वासनिकाने पुसले, "या खेळात दोष कोणता?" पटाच्या चार बाजूंस मिळून 96 घरे, सोंगट्या 16, जसे दान पडेल तशी चाल, आणि मारलेली सोंगटी पुनः आरंभापासून निघते. येथवर तो विरंगुळाच होय. दोष द्रव्य पणास लावण्यात आहे.

लीळाचरित्र सांगते : सर्वज्ञ हरपाळदेव असता द्यूतात हरले. देणे फेडण्यास अलंकार मागितले, ते कमळाइसांनी दिले नाहीत. प्रपंचातील स्नेहाची सीमा तेथे दिसली. स्वामींनी औदास्य स्वीकारले व रामटेकच्या निमित्ताने ते निघाले.

मेलेली सोंगटी पुनः पटावर येते. दवडलेला नरदेह सहजी येत नाही. म्हणोनि आपण पणास काय लावतो, ते आधी विचारावे.