न दिसणाऱ्या समुद्राची राखण



रायपूरहून समुद्र दिसत नाही. आमच्या शहराजवळून वाहणारी खारून नदी शिवनाथेला मिळते, शिवनाथ महानदीला मिळते आणि महानदी हिराकुडचे धरण ओलांडून ओडिशाच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात विसर्जित होते. आमच्या भातशेतीतून वाहून गेलेले खत याच वाटेने समुद्राकडे जाते. कोरब्याला जळणाऱ्या कोळशाचा धूर मात्र आकाशाच्या वाटेने पसरतो. मनुष्यजात दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते, त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो. म्हणजे ज्याला आपण पाहतही नाही, तो आपले ओझे वाहत असतो. जे दिसत नाही त्याविषयी आपले काही कर्तव्य असते काय?

हे ओझे हलके नाही. शोषलेला वायू पाण्यात मिसळून आम्ल तयार होते. औद्योगिक युगाच्या प्रारंभी समुद्राच्या पृष्ठजलाचा पीएच सुमारे ८.२ होता, तो आता ८.१ च्या आसपास आला आहे. फरक क्षुल्लक वाटेल, परंतु या मापाची रीतच अशी आहे की एवढ्याशा उतारातही आम्लता सुमारे तीस टक्क्यांनी वाढलेली असते. शिंपले व प्रवाळ यांना आपले कवच घडविणे त्यामुळे कठीण होत जाते.

हे कळते कसे? कोणीतरी वर्षानुवर्षे पाणी मोजते म्हणून. आपल्या देशातील असे एक दीर्घकालीन काम पाहावयाचे, तर पश्चिम किनाऱ्यावर गोव्यास जावे लागते. १९६६ साली स्थापन झालेल्या, दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९७ पासून कांदोळीसमोरच्या उथळ समुद्रात एका ठराविक ठिकाणी पुनःपुन्हा जाऊन नोंदी घेण्यास आरंभ केला. निरनिराळ्या खोलीवरचे पाणी बाटल्यांत भरावयाचे. आतील सूक्ष्म जीवांनी कार्बनचे प्रमाण बदलू नये म्हणून कार्बनच्या नमुन्यात पाऱ्याच्या क्षाराचे थेंब टाकावयाचे. मग प्रयोगशाळेत प्रमाणित नमुन्याशी ताडून पाहावयाचे. पुढच्या खेपेस पुन्हा तेच. या कामात कीर्ती थोडी आणि चिकाटी फार.

कोणी म्हणेल, ताप मोजल्याने ताप उतरतो काय? नाही उतरत. परंतु कांदोळीचीच गोष्ट पाहा. नैर्ऋत्य मोसमी वारे वाहू लागले की खोल थरातील थंड पाणी किनाऱ्याकडे वर येते. त्यात प्राणवायू कमी आणि कुजलेल्या जीवद्रव्यातून सुटलेला कार्बन अधिक असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाशी प्राणवायू जवळजवळ संपतो. हे चक्र निसर्गाचे आहे. खतांच्या वाहून येण्याने त्यात भर पडत असावी, असे शास्त्रज्ञ म्हणतात. आता निसर्गाचा वाटा किती आणि मनुष्याचा किती, हे एका वर्षाच्या मोजणीने कसे ठरावे? जो एकच वर्ष पाहतो, तो एक तर निरपराध्यावर ठपका ठेवतो किंवा अपराध्याला मोकळे सोडतो. वाचकहो, दीर्घ नोंद ही न्यायाची पहिली पायरी आहे.

या कामात आणखी एक धडा आहे. हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ पासून हवेतील कार्बन डायऑक्साइडची मोजणी चालू आहे. १९६४ मध्ये पैशाअभावी ती काही काळ थांबली. तेवढी जागा त्या नोंदवहीत आजही रिकामी दिसते. अंदाजाने एखादा आकडा मोजणी म्हणून तेथे लिहिता आला असता. तो लिहिला गेला नाही. भाषांतराच्या मेजावर बसणाऱ्या माझ्यासारख्यास या रिकाम्या जागेचे मोल कळते. मूळ शब्द अस्पष्ट असेल तेथे आपल्या मनाचा शब्द घुसडून वाक्य सुबक करण्याचा मोह किती प्रबळ असतो! जे ठाऊक नाही ते रिकामे ठेवणे, हीही सत्याची सेवाच आहे.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात बागेविषयी मनुष्याला जी दोन कामे नेमून दिली आहेत, त्यांतील दुसऱ्यासाठी इब्री भाषेत ‘शामर’ हे क्रियापद आले आहे. त्याचा अर्थ राखणे, तसाच लक्षपूर्वक पाहणेही. आपल्या मराठीतही शेत राखावे लागते आणि हिशेबही राखावा लागतो. पाहणे आणि जपणे या दोन गोष्टी भाषेने फार पूर्वीच एकत्र बांधल्या आहेत. त्या वेगळ्या केल्या त्या आपण.

म्हणून मोजणारे आपले अर्धे काम करून चुकले असे समजा. उरलेले अर्धे नोंद वाचणाऱ्याचे आहे. शेतात गरजेपुरतेच खत टाकणे, विजेचा दिवा विनाकारण न जाळणे, ही कामे लहान खरी. त्यांनी समुद्राचे सारे ओझे उतरणार नाही. पण आकडा कळल्यानंतर मात्र ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय आपल्यापाशी उरत नाही. खारुनेच्या काठी उभे राहिल्यावर समुद्र दिसत नाही. पाणी मात्र तिकडेच चाललेले असते.