कौतुक आणि अभ्यास : वाहिऱ्याच्या शेख महंमदांच्या निमित्ताने

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात वाहिरे नावाचे गाव आहे. सोळाव्या शतकात या गावी ज्यांचा जन्म झाला असे परंपरा मानते, पुढे श्रीगोंद्यास ज्यांचा मठ झाला आणि शके १५६७ मध्ये, म्हणजे इ. स. १६४५ मध्ये, ज्यांनी ‘योगसंग्राम’ हा ओवीबद्ध ग्रंथ सिद्धीस नेला, त्या शेख महंमदांचे नाव आपले वाङ्मयेतिहासकार आदराने घेतात. परंतु हा आदर बारकाईने न्याहाळला, तर त्यांचा धर्म म्हणजे त्यांनी ओलांडलेली एक आडकाठी होती, अशी समजूत त्याच्या मुळाशी आढळते. ते थोर ठरतात ते समन्वयाचे उदाहरण म्हणून. आणि उदाहरण म्हटले की त्याचे कौतुक करावयाचे असते, अभ्यास करावयाचा नसतो. समन्वयाची ही स्तुती पुष्कळदा अभ्यास टाळण्याची एक सोयिस्कर वाट ठरली आहे, असे मला वाटते.

ज्या विद्यापरंपरेच्या परिसरात हा पुरुष वाढला तिची व्यवस्था कशी आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. एका प्रसिद्ध हदीसमध्ये देवदूत जिब्रील प्रेषितांना इस्लाम, ईमान आणि एहसान या तिहींविषयी प्रश्न विचारतो. आचरण, श्रद्धा आणि अंतःकरणाची परिपूर्णता अशा या तीन अंगांशी पुढील काळातील विद्वानांनी तीन विद्यांची सांगड घातली : आचारधर्माचा निर्णय करणारी ती फिक्ह, श्रद्धेच्या सिद्धांतांचे तर्काने मंडन करणारी ती कलाम आणि चित्तशुद्धीचा मार्ग दाखविणारी ती तसव्वुफ. कुराणाच्या अर्थनिर्णयाची तफ्सीर व प्रेषितवचनांची हदीसविद्या हा या सर्वांचा आधार. तर सर्फ व नह्व ही व्याकरणाची दोन अंगे आणि मंतिक म्हणजे तर्कशास्त्र ही त्यांची साधने. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महालातील मुल्ला निजामुद्दीन यांनी यांपैकी बहुतेक विद्या एका अभ्यासक्रमात बसविल्या. ‘दर्से निजामी’ हे त्याचे नाव त्यांच्यावरून पडले आहे. हैदराबादच्या निजामाशी त्याचा संबंध नाही.

या तीन विद्यांपैकी बीडच्या सामान्य रयतेला दर्शन घडले ते दोहोंचेच. फिक्ह तिला भेटली कचेरीत. कसब्याचा काजी हा केवळ निकाह लावणारा इसम नव्हता. वतनाच्या तंट्यांत जे महजर, म्हणजे निवाडापत्रे, होत, त्यांवर देशमुख, देशपांडे व मोकदम यांच्याबरोबर काजीचीही मोहर उमटे, आणि मशिदी-दर्ग्यांच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश जमिनींच्या नोंदी निजामी अंमलातील दप्तरांत जागोजाग होत्या. तसव्वुफ तिला भेटली दर्ग्यात. बीड शहरातील शहिनशाहवलींच्या दर्ग्यात कोणी नवस बोलताना त्याची जात विचारली गेली नाही, आणि त्याच शहरातील सूफी मन्सूरशाह यांना महादजी शिंद्यांनी गुरुस्थानी मानले, ही गोष्ट तर इतिहासप्रसिद्ध आहे. तिसरी विद्या जी कलाम, ती मात्र मदरशाच्या भिंतींआड, अरबी-फारसीच्या पडद्यामागे राहिली. परिणाम असा झाला की इस्लामात एक तर कायदा आहे, नाही तर करामत आहे, तत्त्वचर्चा म्हणून काही नाही, असा ग्रह सुशिक्षित मराठी मनाने करून घेतला.

हा ग्रह किती निराधार आहे हे कलामच्या इतिहासावर ओझरती दृष्टी टाकली तरी ध्यानी येते. कुराण हे ईश्वराचे अनादी वचन की त्याने निर्माण केलेली वस्तू, या प्रश्नावर इ. स. ८३३ मध्ये खलिफा मामूनने विद्वानांची चौकशी आरंभिली. ते निर्मित आहे असे कबूल करण्यास नकार देणाऱ्या अहमद इब्न हंबल यांनी कैद आणि फटके सोसले. त्या काळी दरबारात ज्यांचे वजन होते त्या मुअ्तझिला पंथीयांचे म्हणणे असे की, ज्ञान, सामर्थ्य इत्यादी ईश्वरी गुण अनादी व स्वतंत्र मानले तर एकाच्या ठिकाणी अनेक अनादी तत्त्वे येतात आणि एकेश्वरत्वाला बाध येतो. मूळचे त्यांच्याच पंथातले अल्-अशअरी यांनी पुढे त्यांच्याविरुद्ध असा पक्ष मांडला, आणि तो सुन्नी कलामात स्थिरावला, की हे गुण ईश्वराच्या सत्तेशी एकरूपही नाहीत व तिच्याहून भिन्नही नाहीत. मनुष्याच्या कर्माविषयीही त्यांनी असाच मधला मार्ग काढला : कर्म निर्माण करतो ईश्वर, मनुष्य ते केवळ आपलेसे करतो, आणि त्या आपलेसे करण्यापुरता तो जबाबदार ठरतो.

सगुण-निर्गुणाचा वाद ज्याने ऐकला आहे अशा वाचकाला हा प्रांत परका वाटणार नाही. तथापि प्रश्न सारखा म्हणून उत्तरही सारखे, असे मात्र त्याने मानू नये. शांकर वेदान्त गुणांना अखेर व्यवहाराच्या पातळीवर ठेवून निर्गुणाकडे जातो. अशअरी गुणांना शाश्वत मानून त्यांच्यासह ईश्वराचे एकत्व राखू पाहतात. हा भेद किरकोळ नाही. भक्ताने ईश्वरापुढे उभे राहावे की त्यात विरून जावे, याचा निर्णय अखेर या भेदावरच अवलंबून आहे.

हे ध्यानात घेऊन ‘योगसंग्राम’ उघडला म्हणजे त्याचे रूप पालटते. साधकाने अंतरीच्या शत्रूंशी मांडलेले युद्ध हा त्याचा विषय. हे युद्ध योगशास्त्रातील इंद्रियजयाचे आहे, की सूफी ज्याला नफ्सशी, म्हणजे आपल्याच वासनांशी, करावयाचा मुजाहदा म्हणतात त्याचे? शेख महंमदांचे गुरू चांद बोधले हे कादिरी सूफी परंपरेतील समजले जातात. जनार्दनस्वामींचेही गुरू तेच, असे मानणारी एक परंपरा आहे. म्हणजे एकाच उंबरठ्यावर दोन्ही वाटा येऊन मिळाल्या होत्या. शिवाय त्याच काळात सरहिंदचे शेख अहमद (मृत्यू १६२४) सूफी तत्त्वज्ञ इब्न अरबींच्या सत्तैक्याच्या सिद्धांताला हरकत घेऊन असे प्रतिपादीत होते की, साधकाला प्रतीत होणारे ऐक्य हे अनुभवाचे असते, वस्तुस्थितीचे नव्हे. या वादात श्रीगोंद्याच्या मराठी ग्रंथकाराचा कौल कोणीकडे पडतो? दोन्ही परंपरांचे ग्रंथ समोर ठेवून शोधावे असे हे प्रश्न आहेत, आणि केवळ कौतुकाने यांतील एकाचेही उत्तर मिळत नाही.

या दिशेने मराठीत कोणीच पाऊल टाकले नाही, असे नाही. हैदराबाद संस्थानात अधिकारपदावर राहिलेल्या सेतुमाधवराव पगडींनी ‘सूफी संप्रदाय’ लिहिला, विनोबांनी अरबी शिकून कुराणाचे सार काढले आणि नरहर कुरुंदकरांनी इस्लामची चिकित्सा निर्भीडपणे केली. परंतु या थोर प्रयत्नांमागून अध्ययनाची अखंड परंपरा निर्माण झाली नाही.

कोणी म्हणेल की अशा चिरफाडीने शतकानुशतकांचा सलोखा मात्र उसवेल. मला तसे वाटत नाही. आज शेख महंमदांना दोन्ही बाजूंनी अपवाद ठरविणे सोपे झाले आहे : एका बाजूस ते आपल्या धर्मापलीकडे गेले म्हणून प्रिय, तर दुसऱ्या बाजूस मदरशाच्या शिस्तीत न बसणारे म्हणून परके. भूमिका परस्परविरुद्ध, पण निष्पत्ती एकच. त्यांचा ग्रंथ न वाचता दोघांचेही भागते. ज्याचे ज्ञान काढून घेतल्यावरच ज्याला आपण वंदन करू शकतो, त्याला आपण खऱ्या अर्थाने वंदन करीतच नाही.

याच जिल्ह्यातील अंबाजोगाईशी, निजामी अंमलातील मोमिनाबादशी, परंपरा मुकुंदराजांचे नाव जोडते. त्यांनी शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ मध्ये, ‘विवेकसिंधू’ रचून वेदान्ताला मराठी वाणी दिली. आणि त्याच शतकात मध्य आशियातील मर्गिनानी फिक्हचा ‘हिदाया’ हा ग्रंथ लिहीत होते, जो आजही मदरशांत शिकविला जातो. तफ्ताझानींचे अकीद्यांवरील, म्हणजे कलामातील श्रद्धासिद्धांतांवरील, भाष्यही तेथे पढविले जाते. अरबी जाणणारा एखादा मौलवी आणि दर्शनशास्त्र जाणणारा एखादा प्राध्यापक शेजारी बसून त्या भाष्याचे मराठी रूपांतर करतील, तर ते कार्य एखाद्या पिढीत होण्याजोगे आहे. त्यासाठी प्रथम हे मान्य करावे लागेल की, ज्या दोन दर्शनांतील भेद आपण जाणून घेतला नाही, त्यांचा समन्वय झाला असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही. शेख महंमदांना तो पोहोचत होता काय, हेदेखील त्यांचा ग्रंथ त्यांच्या विद्यांसह वाचल्यावरच ठरेल. आणि उत्तर आपल्या अपेक्षेहून निराळे निघाले, तर ते स्वीकारण्याची तयारी असणे हेच अभ्यासाचे पहिले लक्षण होय.